सत्त्याऐंशी पॉइंट नऊ

कोंडीराम गावंडेला फोन करायचा तर तो गाडीत असताना करावा, हे विश्रांतवाडीतल्या त्याच्या गल्लीला एव्हाना पाठ झालं होतं. गाडीबाहेर असला की तो फोन उचलतच नसे. खिशात थरथर झाली की फोन काढून नाव बघायचं, भराभरा चालत गाडी गाठायची, आत बसून काचा वर करायच्या, किल्ली अर्धी फिरवायची, आणि तोवर फोन बंद पडला असेल तर आपण होऊन लावून ऐटीत म्हणायचं, “हां, बोला जी.”

“कोंडीरामचं रेल्वेच्या चौकशीसारखं आहे,” गल्लीत म्हणत. “खिडकीशी असला तरच बोलणार.”

कोंडीराम हसायचा. लोकांनी हसलेलं त्याला चालत होतं. लोकांनी विचारलेलं चालणार नव्हतं.

त्याच्या जुन्या पांढऱ्या टॅक्सीत, लायटरच्या सॉकेटात, एक काळी डबी खोचलेली असे. एफएम ट्रान्समीटर. फोनमधलं जे काही असेल, गाणं म्हणा, कॉल म्हणा, नकाशावाल्या बाईचं ‘दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा’ म्हणा, ते सगळं ती डबी सत्त्याऐंशी पॉइंट नऊवर हवेत सोडायची, आणि गाडीचा म्हातारा रेडिओ, ज्याला एफएमपलीकडे जगात काही ठाऊक नव्हतं, ते पकडून चारही दारांतून घुमवायचा. दाराच्या पत्र्याला कोपर टेकवलं की आवाज हाडांतून वर यायचा. कोंडीरामला ऐकू यायचं ते असं. फोन कानाला लावला की फक्त मुंग्या ऐकू यायच्या.

गाडीत बसणारी माणसं त्याला गाण्याचा वेडा समजत. जुनी भावगीतं, भजनं, लावण्या, काही ना काही सतत मोठ्याने सुरू. “काका, जरा कमी करा ना,” असं कुणी म्हटलं की तो कमी करायचा आणि पुढचा सगळा रस्ता आरशात त्या माणसाचे ओठ बघत काढायचा.

ही डबी त्याला दिग्विजयने आणून दिली होती. दिग्विजय तिशीतला, दोन घरं सोडून राहणारा, त्याचीही टॅक्सीच. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून त्याने दोन डब्या आणल्या, दोन्ही स्वतःच्या हाताने सत्त्याऐंशी पॉइंट नऊवर लावल्या, आणि एक ‘घ्या काका’ म्हणून देऊन टाकली. त्या दिवसापासून त्याच्या डोक्याला ताप झाला. गल्ली अरुंद. आत दिग्विजयची गाडी, तोंडाशी कोंडीरामची. दोघं जवळ आले की एकाच्या डबीतलं दुसऱ्याच्या रेडिओत घुसायचं.

“काका, तुमचं भजन माझ्या गाडीत वाजतंय! कस्टमर बसलेलं. त्याला वाटलं, मयतीलाच निघालोय आपण.”

“मग तू बदल ना तुझा नंबर.”

“मी का म्हणून? डबी मी आणली!”

“अन् मी मोठा हाय.”

“आन् फोनसुद्धा येतात तुमचे. परवा काकू सांगत होत्या, येताना कढीपत्ता आणा. मी घेऊन आलो असतो!”

नंबर कुणीच बदलला नाही. कोंडीरामला बदलता येत नव्हता असं नाही. पण एकदा बसलेली सेटिंग हलवायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. ते भोसरीतून आलेलं.

यवतमाळकडून, दारव्ह्याजवळच्या गावातून तो पुण्यात आला तो भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये. अठरा वर्षं. पत्र्यावर पंच आपटायचा, मिनिटाला चाळीस वेळा, आणि अशा अकरा मशिनी एका छपराखाली. कंपनी कानात घालायला पिवळे बोळे द्यायची, दोरी लावलेले. तपासणीला कुणी आलं की सगळे ते कानात घालत. एरवी गळ्यात. मंगळसूत्र म्हणत त्याला. कारण बोळे घातले की डाय, म्हणजे पंचाखालचा साचा, काय बोलते ते कळत नाही, असा तिथला कायदा होता. डाय बोलते. धार गेली की तिचा आवाज जाड होतो, बारीकसा तडा गेला की प्रत्येक ठोक्याला शेवटी एक ‘टिच्’ येतं. ते ‘टिच्’ ऐकणारा माणूस मोठा. कोंडीराम सगळ्यांत मोठा. तीन मशिनींपलीकडून तो हात वर करायचा, “सायेब, सातव्या नंबरची डाय उद्या फुटते,” आणि दुसऱ्या दिवशी फुटायची. सुपरवायझर नव्या पोरांना त्याच्यासमोर आणून उभं करायचा. “हा बघा. कान असावेत तर असे.”

त्या कानांच्या जिवावर नाव कमावलं, आणि त्या नावापायी कान उघडे ठेवले. बोळे घालणारा तिथे कच्चा गणला जायचा. कंपनी बंद पडली, कोंडीरामने गाडी घेतली. तोवर ‘टिच्’ त्याला ऐकू येईनासं होऊन बराच काळ लोटला होता. शेवटची दोन-तीन वर्षं तर तो अंदाजानेच हात वर करायचा.

हे फक्त बायकोला, कौसल्येला ठाऊक होतं. आणि तिलाही पुरतं नाही.

*

नीरजाबाई नारायण पेठेत राहत. गाण्याच्या शिक्षिका, सत्तरीला टेकलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या धायरीला जात. तिथे मुलगी श्रद्धा राहायची, आणि तिच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये बाई आठ-दहा मुलींना शिकवत. नेणं-आणणं कोंडीरामकडे. तीन वर्षं.

त्या शुक्रवारी तो पोचला तेव्हा त्या खाली उभ्याच होत्या.

“चार मिनिटं, कोंडीराम.”

“बाई, अलका चौकात सिग्नल लागला जी.”

“हो का? कालच बसवला वाटतं.”

कोंडीराम मनापासून हसला. आज त्याचा दिवस होता. सोमवारपासून श्रद्धाताईंची मुलगी, बाईंची नात अवनी, त्याच्या गाडीतून शाळेत जाणार होती. सकाळी न्यायचं, दुपारी आणायचं, वर्षभराचं काम. अ‍ॅपवरच्या कॉल्ससाठी डोळे फोडायला नकोत, अनोळखी माणसांनी मागून काय म्हटलं ते ओळखत बसायला नको. एक लहान मुलगी, एकच रस्ता, ठरलेली वेळ. असं काम त्याला झेपणारं होतं. आणि ते मिळालं होतं ते बाईंच्या शब्दावर.

“जोडा तुमचा तंबोरा,” तो म्हणाला.

बाईंनी मागे बसून आपला फोन डबीला जोडला. त्यांच्या फोनमध्ये तंबोरा होता. दांडेकर पूल ते धायरी हा त्यांचा रियाजाचा वेळ. काचा बंद करायच्या, गाडीभर तंबोरा भरायचा, आणि बाहेर सिंहगड रस्ता एकमेकांना शिव्या घालत असताना आत त्या एक सा धरून बसायच्या. कोंडीरामला हे फार आवडायचं. तंबोऱ्याचा खर्ज त्याला स्पष्ट ऐकू यायचा. कोपरातून, पाठीतून, स्टिअरिंगमधून. त्या अर्ध्या तासात त्याला कधीकधी वाटायचं, आपल्या कानांना काही झालेलंच नाही.

राजाराम पूल मागे पडला. आज बाई गात नव्हत्या. त्याने आरशात पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

“कोंडीराम.” त्यांनी हात हलवला म्हणून कळलं. “खरखर येतेय हो फार. काहीतरी करा.”

“हो ना जी. मी तेच म्हणत होतो मनात,” कोंडीराम पटकन म्हणाला. “इकडं टॉवर हाय मोठा, त्याचं मधी येते.” त्याने डबीचं बटण दाबलं, अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन. रेडिओवर तोच आकडा आणला. तंबोरा क्षणभर तुटून पुन्हा सुरू झाला. “हां. आता कसं साफ झालं.”

“गेली?”

“गेली ना. एकदम साफ.”

सिग्नलला गाडी थांबली. बाईंनी फोनवरचा तंबोरा बंद केला. गाडी एकदम रिकामी झाली. मग त्या पुढच्या सीटला धरून, त्याच्या चेहऱ्याजवळ येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

“कोंडीराम, खरखर नव्हतीच.”

तो समोर बघत राहिला. सिग्नलवर एकोणसत्तर आकडा होता. अडुसष्ट. सदुसष्ट.

“खरी खरखर मंगळवारी होती. वडगावपासून फाट्यापर्यंत. कुणी कढईत मोहरी टाकावी तशी. मी मुद्दाम बोलले नाही. म्हटलं बघू, हा माणूस कधी हात पुढे करतो. तुम्ही माझ्या तंबोऱ्यावर मान डोलवत होतात.”

“बाई, त्या दिवशी माझं ध्यान—”

“चाळीस वर्षं मी मुलींना तोंडावर सांगत आलेय, तुझा स्वर लागला नाही म्हणून. मला बनवायला जाऊ नका. कधीपासून?”

हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी काय केलं असेल ते केलं. कोंडीरामने गिअर टाकला.

“बारीक आवाज तेवढे नाही येत,” तो शेवटी म्हणाला. “पाच-सहा वर्षं झाली. बाकी सगळं येतं. अन् बाई, गाडी डोळ्यांनी चालते. कानानं नाही.”

“मग डोळ्यांनी तरी चालवा! श्रद्धाच्या पार्किंगमधली कुंडी कुणी फोडली?”

“ब्रेक घसरला होता.”

“ब्रेक नाही घसरला. वॉचमन तुमच्या मागे उभा राहून शिट्टी फुंकत होता. फुंकून फुंकून बिचारा जांभळा पडला. मी हॉलच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही सरळ मागे येत राहिलात.” त्या थांबल्या. “ती कुंडी होती, कोंडीराम. मोगऱ्याची.”

उड्डाणपुलावर वाऱ्याने गाडी थोडी हलली.

“माझा मामेभाऊ जन्माचा बहिरा आहे,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं गाडी चालवतोय. एक ओरखडा नाही. मला न्यायला येतो तेव्हा मी बघते, दर वळणाला त्याची मान घुबडासारखी फिरते. तुमची फिरत नाही. मी तीन वर्षं मागे बसतेय, मला आत्ता कळतंय का ते. मान फिरवली तर लोकांना कळेल ना! ऐकू येतंय असं दाखवायचंय तुम्हाला. म्हणून ताठ बसून पुढे बघत मागे येता.”

हे मात्र कोंडीरामला झोंबलं. कारण ते खरं होतं आणि आजवर त्याने स्वतःलाही असं सरळ सांगितलं नव्हतं.

“तर सोमवारचं काम गेलं म्हणा की,” तो म्हणाला.

“ते श्रद्धा ठरवेल. मी तिला काय सांगितलंय माहितेय? कोंडीराम म्हणजे डोळे मिटून विश्वास टाकावा असा माणूस. तो माझा शब्द आहे. तो मी परत घ्यायचा की तुम्ही राखायचा?”

“बाई, तुम्ही काही बोलू नका ताईंना. मी कानाचं मशीन घेतो. पुढच्या महिन्यात घेतो.”

“अवनी सोमवारी बसणार आहे. पुढच्या महिन्यात नाही.” धायरी फाटा आला. त्या पर्स आवरू लागल्या. “रविवारी संध्याकाळी सातपर्यंत तुम्ही श्रद्धाला सांगायचं. तुमच्या तोंडाने. नाही सांगितलंत, तर सव्वासातला मी सांगेन.”

“सव्वासात?”

“पंधरा मिनिटं ट्रॅफिकची,” बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

कोंडीरामने डबी आणि रेडिओ दोन्ही पुन्हा सत्त्याऐंशी पॉइंट नऊवर आणले.

*

“म्हातारी फार शहाणी समजते स्वतःले!” घरी आल्यावर त्याने चपला भिंतीकडे भिरकावल्या. “माही परीक्षा घेऊन रायली. खोटं बोलून परीक्षा!”

कौसल्येने भाकरी उलटली. ती वळली, त्याच्यासमोर आली आणि मगच बोलली. अलीकडे ती कधीच पाठमोरी बोलत नसे. कोंडीरामच्या हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

“मग काय खोटं सांगितलं बाईनं?”

“तू बी तिच्याकडून?”

“मी कोनाकडूनच नाही जी. मी इचारते.”

“अवं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा का उघडली, तर हे बाई सोड, बाकीचे कोनी बसतीन का माह्या गाडीत? हा बहिरा, हा बहिरा, म्हनून गल्लीभर होईल. दिग्विजय तर आधीच दात काढून बसला हाय.”

“तो तुमाले मिजासखोर म्हनते. बहिरा नाही म्हनत.”

“तेच बरं हाय!”

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा वास दोघांनाही आला.

दिग्विजयचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. त्याच्या गाडीला त्याने एक हौशी हॉर्न बसवला होता, चिमणीच्या पिल्लासारखा चिरका. सकाळी बाहेर पडायचं असलं की तो आतून तो वाजवत राहायचा, आणि कोंडीराम पुढच्या गाडीत पाठमोरा बसून, भजन लावून, आरामात डॅशबोर्ड पुसत असायचा. मग दिग्विजय तणतणत येऊन काचेवर थाप मारायचा. “पाच मिन्टं झाली बोंबलतोय! लय माज हाय काका तुम्हाला!” आणि कोंडीराम म्हणायचा, “आलो असतो ना बाबा. एवढी काय घाई?” माज पत्करला होता त्याने. माज दिसला की माणसं चिडतात. कीव करत नाहीत.

शनिवारी तो गाडी घेऊन बाहेर पडलाच नाही. सकाळी गॅलरीत उभा राहिला. समोरच्या उंबरावर पक्षी बसले होते. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. दुपारी जेवण झाल्यावर तो कौसल्येला म्हणाला,

“देवापुढची घंटी आन.”

“आता? कायले?”

“आन तर. मी असा उभा रायतो, भिंतीकडं तोंड करून. तू मागून वाजव. आली की मी हात वर करतो.”

“पोरखेळ!”

“वाजव म्हनतो ना.”

तो खोलीच्या एका कोपऱ्यात उभा राहिला. तीन मशिनींपलीकडून हात वर करणारा माणूस. हात खाली सोडून, श्वास धरून. पंखा मंद फिरत होता, तो त्याला जाणवत होता. खाली रस्त्यावरून जड काहीतरी गेलं, तेही जाणवलं. बाकी काही नाही.

“वाजव ना,” तो म्हणाला.

काही नाही.

“कौसल्ये? वाजवून रायली का?”

तिचा आवाज आला. मोठा, मुद्दाम काढलेला. “नाही जी! अजून वाजवलीच नाही. थांबा जरा, पदर सारखा करते.”

कोंडीरामला हायसं वाटलं. तो किंचित वळला, आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाच्या आरशात त्याला ती दिसली. पदर खांद्यावर नीट होता. उजव्या हातात पितळी घंटी होती, आणि ती हात हलवत होती. जोरजोरात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती घंटी वाजवत होती.

तिने आरशात त्याचे डोळे पाहिले आणि हात थांबवला.

कोंडीराम कॉटवर जाऊन बसला. रागावायचं होतं, पण राग कुठून काढावा ते कळेना. काल बाईंनी नसलेला आवाज आहे म्हटलं, आज हिने असलेला नाही म्हटलं. आणि त्याला दोन्ही वेळा खरंच वाटलं होतं. कुणीही यावं आणि काहीही सांगावं.

“मोगऱ्याची होती ती कुंडी,” तो म्हणाला.

“कोनती कुंडी?”

मग त्याने तिला सगळं सांगितलं. सोसायटी, वॉचमन, शिट्टी. “अवनी येवढी हाय,” त्याने हाताने कमरेइतकी उंची दाखवली. “मागच्या काचेतून दिसनार बी नाही.”

*

रविवारी साडेसहाला दोघं खाली उतरली. कौसल्येने नवीन साडी नेसली होती, का ते तिलाच माहीत. ती पुढच्या सीटवर बसली. कोंडीरामने काचा वर केल्या, किल्ली अर्धी फिरवली. डबीवर निळा आकडा उमटला. मागे, एका हाताच्या अंतरावर, दिग्विजय आपल्या गाडीत भाड्याची वाट बघत बसला होता. आरशात त्याचं डोकं दिसत होतं, रेडिओच्या तालावर हलणारं.

“लावू?”

कौसल्येने मान हलवली.

श्रद्धाचा आवाज चारही दारांतून आला. “हां काका! बोला ना. उद्याचंच ना? सात दहाला गेटवर या. अवनी सॉलिड एक्सायटेड आहे.”

“ताई, त्याच्या आधी एक सांगायचं होतं.”

“बोला ना.”

“मले... मला ऐकू कमी येतं.”

“हॅलो? काका, तुमचा आवाज कट होतोय. परत बोला?”

एकदाच बोलायची तयारी करून आला होता तो. त्याने कौसल्येकडे पाहिलं. मग स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि प्रेस शॉपमध्ये ओरडायचा तसा ओरडला, “मला ऐकू कमी येतं, ताई! बारीक आवाज येतच नाहीत! तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं!”

आरशातलं दिग्विजयचं डोकं हलायचं थांबलं.

“ऐकू येत नाही म्हणजे?” दारं घुमली. “किती, काका? म्हणजे... मागून कुणी हॉर्न दिला तर कळतं का तुम्हाला?”

“जाड असला तर कळतो. चिरका असला तर नाही. वॉचमननं शिट्टी मारली होती, मला ऐकू नाही आली. ती कुंडी मीच फोडली.”

मग काहीच नाही. कोंडीरामने कोपर दाराच्या पत्र्याला लावलं. पत्रा गप्प होता. पलीकडे श्रद्धाताई गप्प होत्या, की हळू काही बोलत होत्या? त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तरी काही नाही. अशी भीती त्याला भोसरीतही कधी वाटली नव्हती.

“बोलून रायल्या का त्या?” त्याने कौसल्येला विचारलं.

तिने त्याच्याकडे पूर्ण वळून, सावकाश मान हलवली. नाही.

“खरं सांग.”

“खरंच, जी. गप्प हायेत.”

तेवढ्यात आवाज आला, वाढवलेल्या बटणामुळे गाडी दणाणली. “काका, थँक यू फॉर टेलिंग मी. सीरियसली. पण उद्याचं आपण होल्डवर ठेवू या, हं? मी उद्या हाफ डे घेते, बघते काहीतरी. आणि... आईला माहितेय हे?”

“त्यांनीच म्हटलं, तुम्ही सांगा म्हणून.”

“ओके. कानाच्या डॉक्टरांना दाखवलंय का तुम्ही?”

“नाही.”

“दाखवा, काका. मग आपण बोलू. मी प्रॉमिस काही करत नाहीये. पण दाखवा.”

फोन बंद झाला. रेडिओत नुसती हवा वाजू लागली असणार, कारण कौसल्येने कपाळाला आठ्या घालून बटण खाली फिरवलं. कोंडीरामला ती हवा ऐकू आली नाही.

“होल्ड म्हंजे गेलंच ना?” कौसल्या म्हणाली.

“होल्ड म्हंजे होल्ड,” तो म्हणाला. पण त्यालाही ठाऊक होतं. मंगळवारी नारायण पेठेत बाई खाली उभ्या असतील की नाही, हेही सांगता येत नव्हतं. घड्याळात पावणेसात झाले होते. पंधरा मिनिटं ट्रॅफिकची घ्यायची वेळ आली नव्हती, एवढंच.

त्याने आरशात पाहिलं. दिग्विजय हात पुढे करून आपला रेडिओ बंद करत होता. रेडिओवर अर्धंच ऐकलं असेल त्याने, श्रद्धाताईंच्या बाजूचं. पण तेवढं पुरे होतं. त्यांनी हॉर्नचं विचारलं होतं. कोंडीरामच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. झालं. आता उद्या गल्लीभर.

दिग्विजयच्या फोनचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. भाडं आलं असावं. त्याने गाडी सुरू केली, दिवे लागले. त्याचा हात सवयीने स्टिअरिंगच्या मधोमध गेला. कोंडीराम आरशात तो हात बघत राहिला. आता वाजवेल. आता मुद्दाम वाजवेल, बघायला.

हात तिथेच राहिला. मग दिग्विजयने दार उघडलं. तो उतरला, भिंत आणि गाडी यांच्या फटीतून अंग चोरत पुढे आला, काचेवर थाप मारली नाही. पार बोनेटसमोर गेला, दिव्याखाली, नीट दिसेल असा उभा राहिला, आणि हाताने पुढे घ्यायची खूण केली. ओठ हलले. कोंडीरामला ते वाचता आले.

“काका, जरा पुढं घेता का?”

‘माज’ हा शब्द त्यात नव्हता. कोंडीरामला वाटलं, असता तर बरं झालं असतं. डोळे कोरडे राहिले असते.

त्याने किल्ली पुरी फिरवली. समोर, जरा कडेला सरून, दिग्विजय उभा, शेजारी नव्या साडीतली बायको. दोघांच्या देखत त्याने मान डावीकडे वळवली, पार खांद्यापर्यंत. मग उजवीकडे. मग सीटवर हात टाकून, सगळं अंग पिळून, मागे. मागे कुणी नव्हतं. तरी त्याने पुन्हा एकदा पाहिलं, आणि मगच क्लच सोडला.